चैतीआयचं माहेर

माघ व. ८
खालच्या पाड्यावरून मोळी घेऊन येणाऱ्या लाडकीनं आज ती अंगणात टाकली आणि डोक्यावरची चुंबळ हवेत उडवली. धाकट्या बहिणीचं, बुधीचं, लग्न ठरलं. मुलगा जामसरचा.
"बाय, तुना यायचाच हां. कांडायला, सारवायला, गाना म्हनायला."
म्हटलं, मला वऱ्हाडातली गाणी येतात, इकडची नाही.
"मग तीच म्हन. येवड्या लांबची गानी आमाला कोन ऐकवनार?"
पावसाळ्यात हिवतापानं पडले होते तेव्हा हीच उशाशी बसून होती. अमरावती सोडून या डोंगरी संस्थानात आल्यापासून माणूस म्हणावं असं तेच एक मिळालं. ह्यांना विचारलं. शाळेतल्या मुलांचे गणिताचे पेपर पुढ्यात होते. मान वर न करता म्हणाले, "जा." पेपर तपासताना हे कशालाही जा म्हणतात. आणखी काही मागायला हवं होतं.

माघ व. ११
पाड्यावर गेले. उतार उतरताना सगळीकडे पळस पेटलेला. तिथं पोचले तो सहाजणी उखळाभोवती. मुसळ हातात दिलं, नि माझा तिसरा घाव उखळाच्या काठावर. हसल्या सगळ्या. हाताला फोड आले तेव्हा आपलं जात्यावरचं गाणं म्हटलं. पहिल्यांदा ऐकलं, दुसऱ्यांदा मुसळं त्या चालीवर पडायला लागली, तिसऱ्यांदा शब्द चुकवत चुकवत सगळ्या म्हणू लागल्या.
लाडकीची आई चैतीआय सगळ्यांत मोठ्यानं. केस पांढरे, आवाज सोळा वर्षांच्या पोरीचा. मला म्हणाली, "तुजी आय असीच गाते?" हो म्हटलं आणि मुसळ टेकवून उभी राहिले. तिनं न विचारता गुळाचा खडा हातावर ठेवला.

माघ व. १३
सगळं विस्कटलं.
जामसरहून नवऱ्या मुलाचा काका आला होता, मांडवाचा दिवस ठरवायला. बसला, मोहाची प्याला, खुशीत होता. मग सहज विचारावं तसं विचारलं, "पोरीच्या आयबासचा लगीन झालाय ना?"
लाडकीचा बाप जिव्याबा जमिनीवर काडीनं रेघा ओढत बसला.
नाही झालं! एकत्र राहायला लागली त्या साली दुष्काळ. पुढं लाडकी झाली, मग मुलगा, मग बुधी. दरसाल पुढच्या साली करू. इकडं असं चालतं, त्यात कुणाला लाज नाही. पण आईबापाचं लग्न राहिलं असेल तर लेकरांना मांडवात उभं करत नाहीत.
"मग माज्या लगनाचं?" लाडकीनं विचारलं. ती नवऱ्याच्या घरी पळून गेलेली, तिचंही राहिलंयच म्हणे. त्यावर सगळे हसले. काका नाही हसला. "आदी तुमचा उरका. होळीच्या आत. नायतर आमी दुसरीकडं बगू." उठला आणि गेला.
बुधी घरामागं जाऊन रडली.

माघ व. ३०
ह्यांना सांगितलं. आधी हसले, मग माझ्याकडे बघून थांबले. खरं लिहायचं तर त्या दिवशी मीच हादरले होते. आमच्याकडं ही गोष्ट दारं लावून बोलतील. पण आज चैतीआय भेटली ती सगळ्यांदेखत जिव्याबाला सुनावत होती, "दर सालाला बोलत व्हतू. दर सालाला! आता पोरीनं अडवला तवा कसा उटलास?" आणि तो म्हातारा, तोंडात दात दोन, म्हणाला, "उटलू ना पन!"
ठरलं. एक मांडव, दोन लग्नं. सकाळी आईबापाचं, दुपारी बुधीचं.

फाल्गुन शु. २
नवीन अडचण. लग्न लावते ती धवलेरी, सोमीआय. तिच्या गाण्याशिवाय इथं लग्न लागत नाही. ती म्हणाली, पहिली हळद नवरीच्या माहेरची हवी. चैतीआयचं माहेर मोखाड्याच्या बाजूला, इंग्रजी हद्दीत. जिव्याबा आणि लाडकी मोखाड्याच्या बाजारापर्यंत जाऊन आले. भावाचा पाडा ओस. पटकीत गेला तो, त्याची बायकोही. उरलेले कुठं गेले कुणाला माहीत नाही.
चैतीआय सुपात तांदूळ पाखडत होती. ऐकलं. पाखडणं थांबलं नाही. मग म्हणाली, "मना वाटतंच व्हता."
सोमीआय म्हणते, मायेराबगर नवरी उभी राहत नाय. ती कठोर नाही, तिचंही तोंड उतरलं होतं. पण गाण्यातच तसं आहे, माहेर हळद आणतं आणि मग गाणं पुढं सरकतं. तिथं ती काय म्हणणार?

फाल्गुन शु. ३
लाडकी सकाळीच दारात.
"सोमीआयला इचारला मी. मायेर रक्ताचाच पायजे का? ती बोलली, हळद घेऊन लांबून आलेला मानूस पायजे." मग माझ्याकडे बघत राहिली.
कळायला वेळच लागला मला. म्हटलं, "मी?"
"तुझ्यापरीस लांबून कोन आलाय?"
अवो माय! बावीस वर्षांची मी, पन्नाशीच्या नवरीची आई.
हसत हसत हो म्हणून बसले. ती गेल्यावर चूल पेटवायच्या आधी घरातली हळकुंडं मोजली. कोण कुठली मी, नि हे केवढं देऊन टाकलं त्यांनी मला!

फाल्गुन शु. ४
शेजारच्या काकू. त्यांचे यजमान दरबारात कारकून, म्हणून आमच्या घरांच्या ओळीत काकूंचा शब्द चालतो. दळणाचं निमित्त करून आल्या.
"पाड्यावर जातेस, पाणी पितेस म्हणे तिथलं. गेलं ते गेलं. आता आई होऊन मांडवात बसणार? मास्तरांच्या नोकरीचा विचार कर. गोष्ट वरपर्यंत जायला कितीसा वेळ?"
हे घरातच होते. ऐकलं सगळं. काकू गेल्यावर मी म्हटलं, बोला ना काही. तर म्हणाले, "शाळेत कुणी विचारलं तर काय सांगू, त्याचा विचार करतोय." म्हटलं, विचार करा, मी जाणार आहे. असं मी ह्यांच्याशी आजवर बोलले नव्हते. बोलले, आणि पोळी करपली.

फाल्गुन शु. ५
भिंत सारवून गेरूनं लाल केली. आज सवाशिणींनी तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक काढायला घेतला. बांबूची काडी चावून तिचा कुंचला. मलाही दिला एक. मध्ये देवी, भोवती झाडं, पाखरं, ढोलकरी, नाचणारे. मी एक नाचणारी काढली. एक पाय लांब, एक आखूड.
बुधी म्हणाली, "ही बाय प्यालीय."
चैतीआय म्हणाली, "नाय, ही वऱ्हाडातून चालत आलीय. दमलीय."
ती तशीच ठेवली भिंतीवर. पुसू दिली नाही कुणाला. बुधी आज पहिल्यांदा हसली.
घरी आल्यावर हळद दळली. आईनं पाठवणीला दिलेलं हिरवं लुगडं पेटीतून काढून उन्हात घातलं. काकूंनी कुंपणावरून पाहिलं. मी आणखी पसरून घातलं.
हे पुन्हा पेपर घेऊन बसलेत.

फाल्गुन शु. ७
झालं! झालं! दोन्ही लग्नं लागली.
नीट लिहिते. सकाळी हळदीची वाटी आणि लुगडं घेऊन निघाले, तर हे दारात पगडी, उपरणं घालून उभे. म्हटलं, आज शाळेला सुट्टी ना?
"मुलीच्या लग्नाला बाप नको का?"
रस्त्यावरच रडले. हे म्हणाले, आता नको, तिकडं रडायचंय. आणि ओळीतून काकूंच्या दारासमोरून गेलो, हे मुद्दाम खाकरत.
पाड्याच्या वेशीवर ढोल घेऊन सगळे सामोरे. "मायेर आला! मायेर आला!" माझे पाय धुतले, ह्यांचे धुतले. चैतीआय खाली मान घालून बसलेली, खरी नवरी. मी हळद लावली कपाळाला, गालांना, हातांना. हातांच्या भेगांत हळद शिरली. ती डोळे मिटून होती. सोमीआयनं गाणं सुरू केलं, आणि मध्येच त्यात "वऱ्हाडाची हळद, डोंगर चढून आली" असं घातलं. तिनं घातलं! गाणं पुढं सरकलं.
लुगडं आमच्या रीतीनं पायघोळ नेसवलं. तिनं उठून गुडघ्यापर्यंत वर खोचलं. "नाचायचाय मना."
जिव्याबा चुलीमागं लपला होता. ओढून आणला. मुंडावळ्या बांधल्यावर त्याचे दोन दात दिसले ते दिवसभर दिसतच राहिले. आणि मग कमाल. जावई म्हणून तो ह्यांच्या पाया पडला! हे तीस वर्षांचे. मागं सरले, खांबावर आदळले, पगडी पडली. मांडव हसून कोसळायचा बाकी. ह्यांनी पगडी उचलली, झटकली, आणि जिव्याबाच्या पाठीवर हात ठेवून मोठ्यानं म्हणाले, "आमच्या लेकीला जपा हो."
चैतीआयनं मान वर केली तेव्हा गालांवरची हळद ओली होती.
जामसरची मंडळी दुपारी आली. काकानं मांडवात पाऊल ठेवलं तो समोर हळद लागलेली म्हातारी नवरा-नवरी. बघतच राहिला. चैतीआय म्हणाली, "आमचा उरकला. आता तुमचा करा." काकानं हात जोडले, आणि सगळ्यांत आधी नाचायला तोच उतरला. बुधी काय सुंदर दिसत होती.
मी नाचले. हे पण नाचले. गणिताचे मास्तर, आणि एकदाही ठेका जुळला नाही.
जेवलो तिथंच, पंगतीत. तांदळाची भाकर, उडदाचं वरण. पोटभर.

फाल्गुन शु. ८
अंग आंबलंय.
शाळेतून हे लवकर आले. वरिष्ठांनी बोलावलं आहे, उद्या. कशासाठी ते सांगितलं नाही. ह्यांना विचारलं, भीती वाटते? म्हणाले, "वाटते. पण काल मजा आली."
तेवढ्यात लाडकी सांगून गेली. रीत आहे, नवरी दुसऱ्या दिवशी जावयाला घेऊन माहेरी येते. माझ्या लक्षातच नव्हतं. आजच येणार, संध्याकाळच्या आत, सगळा पाडा बरोबर.
"वसरीवर बसवायचं का?" मी विचारलं. हे उठले. आत गेले, माजघरातल्या सतरंज्या काढल्या, झटकल्या आणि स्वयंपाकघरापर्यंत अंथरत आणल्या.
पुरण शिजतंय. दोनदा घाटलं. माणसं किती येतील देव जाणे. डबा खरवडून सगळी डाळ घातली. ढोल ऐकू येतोय, चढावर आलेत. ओळीतली दारं उघडताहेत. काकूंच्या दाराची कडी वाजली, उघडली की लावली ते कळलं नाही.
राहू दे हे. लेक आली.