आतून स्वच्छ

६ ऑक्टोबर १९८०
मार्चमध्ये लेक्चररची जागा भरणार. तेराउची प्रोफेसरांचा कल माझ्याकडेच आहे. तसं बोलले नाहीत, पण आज जिन्यात मान हलवली. एक शोधनिबंध झाला की झालं.

१४ ऑक्टोबर
सशाच्या रक्तवाहिनीची बांगडीसारखी पोकळ चकती टांगायची, औषध घालायचं, सुई कागदाच्या पट्टीवर काय आलेख काढते ते बघायचं. माझ्या सगळ्या चकत्या आवळल्या. मदतनीस मिझोगुची बाईंच्या सगळ्या सैलावल्या. ससा तोच, औषध तेच! बाई वीस वर्षं इथे कापाकापी करतात, पण स्वच्छतेच्या नावाने शून्य. मी प्रत्येक चकती आतून ओल्या बोळ्याने दोनदा पुसतो. आईचं वळण.

२९ ऑक्टोबर
बाई म्हणाल्या, अहो कुरामोचीसान, चकती पुसताय की भाताचं भांडं घासताय? आतलं अस्तर निघतंय. तेच काहीतरी सोडत असेल. मी समजावलं, अस्तर म्हणजे नुसतं अस्तर. त्या 'बरं' म्हणाल्या. त्यांचं 'बरं' मला सहन होत नाही.

२७ डिसेंबर, सकाळ
वर्षअखेरची साफसफाई. आलेखांचं कपाट आवरायचं काम मी मागून घेतलं. बाईंच्या सैल आलेखांच्या त्रेचाळीस गुंडाळ्या मागच्या भट्टीत टाकल्या. बाई खिडक्या पुसत होत्या. धूर कसला, म्हणाल्या. कचरा, म्हटलं.

संध्याकाळी
प्रोफेसरांना नववर्षाचं कार्ड लिहिलं: 'आपल्या प्रयोगशाळेत आता एकही सैल आलेख उरलेला नाही.' अक्षर छान आलंय.

१२ जानेवारी १९८१
बोटीने नियतकालिक आलं. अमेरिकेत कुणीतरी छापलंय: अस्तरच रसायन सोडून रक्तवाहिनी सैल करतं. अस्तर पुसलं की ती उलट आवळते. अमेरिकन लोक घाई करतात. आपण शांत राहायचं.

१३ जानेवारी
प्रोफेसरांनी बाईंचे जुने आलेख मागितले. आपल्याकडेही हे दिसलं होतं एवढं तरी दाखवू, म्हणाले. शोधतो, म्हटलं. रिकाम्या कपाटात वीस मिनिटं शोधलं. मागे वळलो तर त्यांनी टेबलावर माझं कार्ड ठेवलेलं. बाईंनी माझ्यापुढे चहा ठेवला. तेव्हा मात्र रडू आलं.

१४ जानेवारी
नवी चकती टांगायला घेतली. बाई शेजारी उभ्या राहिल्या. हात लावू नका आतून, म्हणाल्या. नाही लावला. सुई हळूहळू खाली उतरली, चकती सैलावली. जमलं की, म्हणाल्या बाई.
पट्टीवर तारीख घातली आणि कपाटात ठेवली. कपाट अगदी स्वच्छ आहे.