गोठलेल्या तळ्यावरचे झाकण

मी, हेमचंद्र कोंडाजी गायकर, वय सहासष्ट, राहणार बेलवली, बदलापूर पश्चिम, अंबरनाथच्या बर्फाच्या कारखान्यात चौतीस वर्षे लाद्या ओढून निवृत्त झालेला माणूस, आज मंगळवार, पूर्ण शुद्धीवर, पोटभर जेवून आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी तब्येत ठणठणीत आहे. मला मरायचे अजिबात नाही. उलट येत्या शुक्रवारी मी विमानाने अमेरिकेत, मिनेसोटाला, मुलगी अस्मिता व जावई सम्यक यांच्याकडे निघालो आहे. तिथल्या गोठलेल्या तळ्यावर दोन फूट जाड बर्फात भोक पाडून भाल्याने मासा मारायचा आहे, आणि त्या आनंदात आठ दिवस मला धड झोप नाही. पत्नी चांगुणा म्हणाली, “जायचंय ना? मंग आधी कागद करा.” म्हणून हा कागद.

यात एक गोष्ट अशीही लिहायची आहे की जी मी अकरा महिने कोणाला सांगितलेली नाही. अकरा महिने चांगुणा सम्यकशी एक शब्द बोललेली नाही, तिच्या त्या अबोल्याशी या गोष्टीचा संबंध आहे. ती पुढे येईल. आधी घरदार उरकतो.

कलम १. बेलवलीतील दोन खोल्यांचे घर चांगुणाचे. तिच्यानंतर अस्मिताचे. सोसायटीच्या अध्यक्षांनी गॅलरीत टांगलेल्या, लाद्या ओढायच्या माझ्या लोखंडी आकड्यावर तीनदा हरकत घेतली होती. तो आकडा मी हयात असेपर्यंत तिथेच राहील, आणि अध्यक्षांना तो बघावा लागेल.

कलम २. बँकेत जे काही असेल ते सगळे चांगुणाचे. तिने ते जपून न ठेवता खर्च करावे.

कलम ३. वर सांगितलेला आकडा आणि बर्फ फोडायचा टोच्या, ही माझी दोन हत्यारे, जावई सम्यक याला द्यावीत. त्याने ती कमावलेली आहेत. कशी, ते लिहितो, कारण नुसते ‘हत्यारे दिली’ म्हटले तर वाचणाऱ्याला काय कळणार!

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही दोघे नवराबायको प्रथमच तिकडे गेलो. सम्यक मला तळ्यावर घेऊन गेला. डोळ्यांसमोर एवढे बर्फ, आणि ते बनवायला ना मोटर, ना अमोनिया, ना तीन पाळ्या! मी खाली बसून हात फिरवला आणि मला हसू आवरेना. सम्यकने लांब दात्यांची करवत काढली. दोन फूट बाय तीन फूट आखून आम्ही आळीपाळीने कापू लागलो. खालचे तोंड वरच्यापेक्षा जरा मोठे ठेवायचे, म्हणजे मासा ओढताना काठाला अडकत नाही, हे त्याने मला शिकवले. तिकडचे लोक कापलेला तुकडा पाण्यात दाबून बर्फाखाली सरकवून देतात. मी म्हटले, “छे! लादी अशी फुकट घालवायची नसते.” मी त्या तुकड्याचे करवतीने चार भाग केले, घरून नेलेला आकडा एकात रोवला, पाय फाकवले, आणि लादी एका दमात वर घेतली. आजूबाजूचे पाच-सात गोरे लोक बघायला आले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. चौतीस वर्षांत कारखान्यात लादी ओढल्याबद्दल मला कोणी टाळी दिली नव्हती, हे मी येथे नमूद करतो.

कलम ४. सम्यकच्या गॅरेजमध्ये असलेला सात काट्यांचा भाला अस्मिताला द्यावा. तिचा नेम माझ्यापेक्षा चांगला आहे, पण ती कबूल करत नाही.

भाला मारायचा कसा, तेही लिहून ठेवतो. भोकावर काळ्या कापडाचा तंबू लावतात. आत काळोख झाला की खालचे पाणी उजळते. बर्फातून झिरपलेला उजेड हिरवा होऊन वर येतो आणि तळाची शिंपी न् शिंपी दिसते. एका दोरीवर लाकडाचा रंगवलेला मासा सोडून तो हळूहळू फिरवायचा. तास जातो, दोन तास जातात. मग कुठूनसा हातभर लांबीचा, मरळीसारखा निमुळता, दातेरी मासा येतो आणि लाकडाच्या माशाकडे टक लावून थांबतो. काय सांगू! तेवढ्यात आपण जरा हललो तर तो गेलाच. भाला फेकायचा नाही, त्याची टोके आधी पाण्यात अलगद बुडवायची आणि मग खाली सोडायचा. माझा पहिला नेम चुकला, दुसरा चुकला, तिसऱ्याला दोरीला असा हिसका बसला की मी ओरडलो, “बाबा, लागला!” माझे वडील कोंडाजी उल्हास नदीच्या डोहात बांबूच्या भाल्याने मरळ मारत, त्यांना जाऊन तीस वर्षे झाली, तरी तोंडातून त्यांनाच हाक निघाली. सम्यक जोरात हसला नाही. त्याने फक्त दोरी धरली.

कलम ५. माझे मेहुणे शंकरराव यांना माझी लोकरी माकडटोपी द्यावी. ती कानांवरून घट्ट बसते.

शंकररावांना एवढेच का, हे समजायला आधीचे सांगितले पाहिजे. सम्यक विठ्ठलवाडीचा, बौद्ध घरातला. अस्मिताने त्याच्याशी लग्न ठरवले तेव्हा शंकररावांनी भावकी गोळा करून आमच्या घरात बैठक बसवली. मी पाणी द्यायच्या निमित्ताने सारखा स्वयंपाकघरात जात होतो. चांगुणा मात्र सख्ख्या भावासमोर उभी राहिली. म्हणाली, “पोरगा चांगला हाय. ज्याला यायचं तो या, नाय यायचं तो घरी जेवा.” लग्नात तिने त्याच्या आईचा हात धरून फोटो काढला. आमच्या बाजूने आम्ही दोघेच होतो. आता गेल्या फेब्रुवारीत जे झाले त्यानंतर शंकरराव तिला फोनवर म्हणाले, “सांगितलं नव्हतं? असली माणसं कुणाची काळजी घेतात होय?” चांगुणाकडे त्यावर उत्तर नव्हते. उत्तर माझ्याकडे होते. मी दिले नाही.

कलम ६. ते उत्तर असे.

मासा मारला त्या दिवशी संध्याकाळी वारा सुटला म्हणून आम्ही तंबू उतरवला. सम्यक सामान गाडीत भरायला गेला. जाताना त्याने माझ्या हातात पाइनच्या चार फांद्या दिल्या आणि म्हणाला, “बाबा, भोकाच्या चारी बाजूंनी उभ्या रोवा हं. रात्री वरून पातळ बर्फ धरतं, कोणाला दिसत नाही.” मी हो म्हणालो. पण आमच्या कारखान्यात मिठाच्या पाण्याची टाकी असते, तिच्यात लाद्यांचे डबे बुडवलेले असतात आणि प्रत्येक डब्यावर जाड लाकडी झाकण असते. त्या झाकणांवरूनच आम्ही दिवसभर चालायचो. उघडा डबा दिसला की झाकण घालायचे, हे माझ्या हाडात गेलेले आहे. खुर्चीखाली घातलेली प्लायची फळी मी भोकावर ठेवली, पायाने दाबून बघितली, आणि फांद्या गाडीत परत टाकल्या. मला वाटले, फांदीपेक्षा झाकण पक्के. कारखान्याची झाकणे चौकटीत बसलेली असतात आणि ही फळी नुसती ठेवलेली आहे, हे मला सुचले नाही.

रात्री वीतभर बर्फ पडले. सकाळी चांगुणा पोह्यांचा डबा घेऊन आमचा पराक्रम बघायला पुढे पुढे चालत आली, आणि तिचा पाय फळीच्या कडेवर पडला. फळी कलंडली. तिचा एक पाय मांडीपर्यंत पाण्यात गेला, दुसरा गुडघा काठावर पिरगळला. मी जागच्या जागी उभा राहिलो. सम्यक पालथा पडून सरपटत गेला आणि त्याने तिला काखेत धरून बाहेर ओढले. ओढताना फळी त्याच्या हाताला लागली. त्याने ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. नंतर त्याने ती बर्फात खुपसून टाकली आणि म्हणाला, “आई, चूक माझी. मी खूण लावायला विसरलो.”

चांगुणा थरथरत म्हणत होती, “माज्या पायाखाली लाकूड वाजलं.” मी चौतीस वर्षांच्या अनुभवाने तिला सांगितले, “बर्फ तसंच वाजतं.”

हे खोटे आहे. बर्फ तसे वाजत नाही. खूण न लावण्याची चूक संपूर्णपणे माझी, एकट्याची आहे. सम्यकची नाही, तिळभरही नाही. मला त्यावेळी एवढेच वाटले की हे कळले तर मला पुन्हा कोणी तळ्यावर जाऊ देणार नाही. एका माशाच्या लोभापायी मी त्या पोराला सासूच्या मनातून उतरू दिले. याची मला लाज वाटते.

कलम ७. हे मृत्युपत्र पाकिटात बंद करून माझ्या मृत्यूनंतरच उघडावे.

(वरील कलम सात मीच खोडले आहे. लिहून झाल्यावर वाचले तेव्हा लक्षात आले की मी मेल्यानंतर मला कोण विचारणार? हा पळपुटेपणा आहे. आज संध्याकाळी साडेपाच वाजता दोन्ही साक्षीदार आले की मी हे चांगुणासमोर मोठ्याने वाचणार आहे.)

कलम ८. तरीही मी तळ्यावर जाणार. तिथे माझे काही बरेवाईट झाल्यास त्याचा दोष सम्यक, अस्मिता, करवत, भाला किंवा बर्फ यांपैकी कोणालाही देऊ नये. अंमलबजावणीचे काम शेजारी राहणाऱ्या प्रीती यांनी करावे. त्या बँकेत आहेत आणि कोणाला घाबरत नाहीत.

येथपर्यंत दुपारी लिहिले. पुढील भाग वाचन झाल्यानंतर, साक्षीदारांसमक्ष लिहिला.

शेजारच्या प्रीती आधीच येऊन बसल्या होत्या, भूपेशही वेळेवर आला. तो उल्हासनगरचा, कारखान्यातून बर्फ नेणारा माझा तीस वर्षांपासूनचा सिंधी दोस्त. दारातच म्हणाला, “क्या साईं, मरायला चाललास की मच्छी मारायला?” सगळे हसले. मी वाचायला लागलो. टाळ्यांपर्यंत चांगुणा पदराने तोंड झाकून हसत होती. सहावे कलम संपले तेव्हा तिने तोंडावरचा पदर काढला.

चांगुणा म्हणाली, “म्हंजे लाकूडच व्हतं.”

मी म्हटले, “होय.”

“आन् तुमी मना येडी ठरवलीत.”

भूपेश हळूच म्हणाला, “गलत किया हेमू तूने. एकदम गलत.” प्रीतींनी माझ्याकडे बघितलेही नाही.

चांगुणाने माझा फोन उचलला आणि सम्यकला लावला. तिकडे सकाळचे सहा वाजून गेले होते. त्याचा झोपेतला चेहरा पडद्यावर आला. तिने फोन स्वतःच्या तोंडासमोर धरला. अकरा महिन्यांनी सासूचा चेहरा समोर दिसल्यावर तो पोरगा ताडकन उठून बसला आणि त्याने पहिली गोष्ट विचारली, “आई, गुडघा कसाय तुमचा?”

तेव्हा ती रडली. मीही रडलो, हे साक्षीदारांनी पाहिले आहे. मग तिने डोळे पुसले आणि मला कागद पुढे ओढायला सांगितला. खालील कलम तिने सांगितले तसेच, एकही शब्द न बदलता लिहीत आहे.

कलम ९. “शुक्रवारी हे जाणार नाहीत. यांचं तिकीट रद्द करून माजं काढा. शुक्रवारी मी एकली जाणार, माज्या जावयाकडं. मना त्याच्यासमोर बसून बोलायचं हाय, आन् तिथं हे मधी नकोत. यांनी म्हयनाभर घरी बसून सोताच्या हातानं जेवण करून खावं, आन् शंकऱ्याच्या घरी जाऊन हा कागद त्याला पयल्यापासून वाचून दाखवावा. मंग सम्यक बोलला ‘बाबांना पाठवा’, तरच यांनी यावं. तो नाय बोलला, तर नाय.”

तळ्यावर भाल्याची परवानगी फेब्रुवारीच्या अखेरपर्यंतच असते, हे मी चांगुणाच्या निदर्शनास आणून दिले. ती म्हणाली, “मना ठाऊक हाय.”

कलम नऊ मला मान्य आहे.

सही: हेमचंद्र कोंडाजी गायकर

आम्हा दोघांसमक्ष वरील इसमाने शुद्धीवर असताना वाचून सही केली व आम्ही त्याच्यासमोर सह्या केल्या.
साक्षीदार १: भूपेश, उल्हासनगर
साक्षीदार २: प्रीती, बेलवली

ठिकाण: बेलवली, बदलापूर पश्चिम
दिनांक: ६ जानेवारी २०२६

ता. क. सह्या होईपर्यंत फोन चालूच होता, हे कोणाच्याच लक्षात राहिले नाही. सम्यकने सगळे ऐकले. तो म्हणाला, “आई, बाबांनाही घेऊन या ना, शुक्रवारीच.” चांगुणाने त्याला उत्तर दिले, “तू गप बस. तू लई लवकर माफ करतोस.” आणि फोन ठेवला.