चढणाऱ्याला वाट

सोमवार, ३ तारीख

पोचले एकदाची! डोंगराच्या पायथ्याशी एका खोलीची चौकी, खिडकीतून थेट सायकलवाट दिसते, आणि दारामागे फावडं, कुदळ, घमेलं. हेच माझं नवं ऑफिस. डोंगरावरून सायकली उतरतात ती वाट सांभाळायची. तोंडाने फटकळ म्हणून आधीच्या ठिकाणी कोणाशी पटलं नाही. इथं लोकांवर ओरडणं हेच काम आहे, म्हणजे सोन्याहून पिवळं. रविवारी धाकटा येतोय, नवी सायकल घेऊन, आयुष्यातला पहिला डोंगर उतरायला. फोनवर बजावलं त्याला: हेल्मेट, जादा ट्यूब, पंप, पाणी, आणि निघण्याआधी ब्रेक तपास. तो म्हणाला, बरं ताई. त्याचं ‘बरं ताई’ म्हणजे या कानातून आत, त्या कानातून बाहेर. आईने मला वेगळंच बजावलं, पोराला काही झालं तर तोंड दाखवू नकोस.

मंगळवार, ४

वाट पायी पालथी घातली आणि डोकंच फिरलं. ओल्या मातीत सायकली घालून चर पाडलेत. डबकं आलं की सरळ त्यातून जायचं, चाकं धुता येतात. पण साहेबांचे बूट मळतात ना! म्हणून कडेकडेने जातात आणि हातभर वाटेचा रस्ता होतो. मधल्या वळणावर तर कहर आहे. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला उतार, आणि उताराकडची कड तुडवून तुडवून तिला टक्कल पडलंय. तिथंच बसून पाहिलं. उतरणारा प्रत्येक जण थांबतो, कडेला सरकतो, एक पाय टेकतो, मान खाली घालतो आणि मग जातो. चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम मलाही पाठ आहे. पण ही वाट फक्त उतरायची. चढत कोणीच नव्हतं.

बुधवार, ५

सायकलदुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या ग्रीसमावशीला विचारलं. कोपरापर्यंत हात काळे, म्हणून सगळे तिला तेच म्हणतात. ती म्हणाली, आम्ही तिथं वाट देतो. कोणाला? चढणाऱ्याला. मी म्हटलं, मावशी, डोळ्यांत तेल घालून बसले होते, चिटपाखरू चढलं नाही. तर म्हणे, दिसला नाही ना, बरं झालं. आणि पुन्हा चाकाच्या तारा आवळत बसली. कोण चढतं ते तिलाही ठाऊक नाही. तिचा मोठा भाऊ थांबायचा, म्हणून ती थांबते. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. यांच्या खुळापायी माझी कड ढासळणार.

शुक्रवार, ७

काल वळणाच्या कडेला खुंट ठोकले, जाड दोर ताणला, तुडवलेल्या मातीत गवत लावलं, पाटी रोवली: इथे थांबू नये. आज मंडळी आली, दोर पाहिला, आणि सायकली ढकलत परत वर गेली. एकानेही वाद घातला नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं. बसा फुगून, माझ्या बापाचं काय जातंय.

शनिवार, ८

रात्री पाऊस झाला म्हणून वाट बंद ठेवली. तरी चिखलात चाकाचा माग. एकाच चाकाचा. खालून वर गेलेला, खोल, जिथं मला हात टेकून चढावं लागतं तिथंही न डगमगता सरळ. बाजूला पाऊल नाही. कोण नालायक —

दुपारी. दातांचा डॉक्टर, गावात नवा, बंदी मोडून उतरला. वळणावर सापडला. ब्रेक शाबूत, सायकल शाबूत. सदऱ्यावर पोटापासून गळ्यापर्यंत टायरची चिखलाची नक्षी. जिवंत आहे. पण एकच बोलतो, ‘बाजूला व्हायला जागाच नव्हती.’

मावशी त्याला उचलायला धावत आली. मी तिच्यावर ओरडले. कशाला? दोर तर मी बांधला. त्याला खाली पोचवून चडफडत दोर काढायला पुन्हा निघाले. पहिल्याच चढावर पुढे चेनची करकर. पुढे कोणी नव्हतं. चिखलात माग मात्र उमटत चालला होता — माझ्यासमोर — नुसता माग. पळून आले. हो, पळाले. धाकट्याला फोन केला, येऊ नकोस म्हटलं. बरं ताई, म्हणाला.

रविवार, ९

सकाळी. त्याचा निरोप आलाय. गाडीने थेट वर पोचला, उतरून मला चकित करणार. गधडा! फोन लागत नाही. सुरी घेतली. निघतेय.

वळणावर. दोर भिजून गाठी फुगल्यात. सुरी चालेना. एक खुंट उपटला, एकाच माणसापुरती जागा झाली. खालून करकर — वरून याची शीळ —

आला. धरला, सायकलीसकट कडेला ढकलला. ओरडून ओरडून आवाज पार बसलाय, म्हणून खिशातली वही काढून लिहून दाखवतेय. वाच, गाढवा.

पाय टेकलेला ठेव. मान खाली.

हसू नकोस.

माग आलाय. वळणाखाली — थांबला — नाही, थांबला नाही —

ही वाट माझी आहे, मेल्या. माझी.

तुला नाही म्हटलं रे. तू उभा राहा. एकदा तरी माझं ऐक.

हात पुढे करू नकोस! जागा एकाचीच आहे, मी कुठे —

नाही रागावले मी. खरंच नाही. फक्त पाय उचलू नकोस, पाय