उरलेलं वाक्य

शनिवार, १४ मार्च

प्रिय भाऊराया,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघा रोज नेमाने तक्रार करतो, शेजाऱ्यांचा कुत्रा अजून माझ्यावरच भुंकतो. म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. तूही मजेत असशील. निदान स्वच्छ तरी असणारच. दर रविवारी फोन केला की तुझी बायको सांगते, "ताई, हे आत्ताच आंघोळीला गेले." इतका वेळ पाण्यात राहणारा माणूस आपल्या घराण्यात दुसरा झाला नाही. म्हणून हे पत्र.

आधी ऑफिसची बातमी. लोकांना वाट दाखवणं हा आमचा धंदा. इस्पितळं, विमानतळ, जिथे म्हणून माणूस हरवतो तिथे बाणांच्या पाट्या आमच्या. गेल्या आठवड्यात आम्हालाच वाट दाखवायला एक बाई आल्या होत्या. विषय काय, तर आपल्या नकळत मनात घर करून बसलेले ग्रह. समोरच्याचं नाव, रंग, वय, बोलणं पाहून आपण त्याला आधीच कुठल्या कप्प्यात टाकून मोकळे होतो, वगैरे. बाई जरा सावकाश बोलायच्या, म्हणून त्यांची निम्मी वाक्यं मीच पुरी केली. शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्हाला तर सगळं येतंच की!" मला ते कौतुक वाटलं. बघ आता.

त्याच दुपारी मुनी माझ्या केबिनमध्ये आला. मुनी म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात हुशार डिझायनर. बोलताना अडखळतो, म्हणून ऑफिसने नाव ठेवलं मुनी. कौतुकाने हं. नाव मीच ठेवलं.

दारातूनच म्हणाला, "मॅडम, पुढच्या सो... सोमवारपासून मी..."

"सुट्टी हवीय? घे की रे! विचारतोस काय!"

त्याने मान हलवली.

"मग घरून काम? तेही कर."

परत मान हलवली. पुढे मलाच काही सुचेना, म्हणून मी गप्प बसले. तेव्हा कुठे त्याला जागा मिळाली.

"येणार नाही. नो... नोकरी सोडतोय."

गेल्या वर्षी एका मोठ्या इस्पितळाच्या पाट्या आम्ही केल्या, ते सगळं काम त्याचं. गिऱ्हाइकापुढे मांडलं मी, त्याची फजिती होऊ नये म्हणून. मग विभागप्रमुखाची जागा निघाली, तेव्हा साहेबांना मीच सांगितलं, "मुलगा गुणी आहे हो, पण चारचौघांत उभा करता येत नाही." जागा पोपटाला मिळाली. (हेही नाव मीच ठेवलेलं.) पोपट छान बोलतो. काय बोलतो ते अजून कळायचंय.

म्हटलं, "अरे, मी तुला सांभाळूनच घेत होते."

त्यावर तो जे म्हणाला ते म्हणायला त्याला वेळ लागला. मी टेबलाची कड घट्ट धरून बसले होते. "मॅडम, मी मु... मुनी नाहीये. मला बोलायला आवडतं."

मी तडक साहेबांकडे गेले. चूक माझी, ती जागा त्याची होती, असं सांगितलं. साहेब म्हणाले, "मग आधी का नाही बोललात? एरवी तर सगळ्यांच्या आधी तुमचंच सुरू असतं."

तो थांबला नाही. नव्या ठिकाणी आपलं काम तो आपणच मांडणार आहे. काल त्याचा निरोप समारंभ झाला. मला दोन शब्द बोलायला सांगितले, मी नाही म्हटलं. कुणाचा विश्वास बसेना. मग तोच बोलला, चांगला भरपूर. मध्येमध्ये अडला, आणि लोक हसले ते जिथे हसायचं तिथेच. अरे, तो विनोदी आहे! इतकी वर्षं शेजारी बसला आणि मला पत्ता नाही.

एवढं लिहूनही मी अजून मुद्द्यावर आले नाही, हे तू ओळखलं असशीलच.

बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तू उभा राहिलास, कधी नव्हे तो. "बाबा, तुम्ही मला एकदा..." म्हणालास आणि अडलास. मी उठले. "एकदाही रागावला नाहीत, हेच ना रे?" पाहुणे हसले, टाळ्या वाजल्या. तू खाली बसलास.

बाबा टाळ्या वाजवत नव्हते. ते तुझ्याकडे बघत थांबले होते. मी ते पाहिलं होतं, भाऊराया. आणि तरी पटकन केक कापायला घेतला. महिन्याभरात बाबा गेले, आणि तू आंघोळीला गेलास.

दुकानात, शाळेत, डॉक्टरकडे, तुझ्या वतीने मीच बोलत आले. मला वाटायचं ही माया. मुनी पहिल्यांदा अडखळला तेव्हा मला त्याच्या जागी तू दिसलास, आणि तुझ्यासाठी केलेला कप्पा मी त्यालाही देऊन टाकला.

हे पत्र पोचेल त्यानंतरच्या रविवारी मी फोन करीन. त्या दिवशी आंघोळ सकाळीच उरक. मी फक्त "मी बोलतेय" एवढंच म्हणेन. बाबांनी एकदा काय केलं होतं ते मला सांग. कितीही वेळ लागू दे, मी मध्ये पडणार नाही. आणि सांगावंसं नाहीच वाटलं, तर फोन तसाच धरून ठेव. मीही धरून ठेवीन.

ऐकायला बसलेली,
ताई