मीटर हिरवाच होता

२७ जानेवारी, भोसरी
आजपासून रोज लिहिणार. कंपनीत सेल्सला पुनम मॅडम आहेत, त्या म्हणाल्या मोठी माणसं डायरी ठेवतात. दुसरा ठराव: मले, तुले बंद. मला, तुला. डायरीतसुद्धा.

कारण मोठं आहे. चंद्रपूरला औद्योगिक प्रदर्शन आहे, तिथे आमचा स्टॉल. जोगळेकर सरांनी मला निवडलं. म्हणाले, तू तिकडचाच, सामान उतरवायला बरा पडशील. सामानाचं सहज म्हणाले असतील.

२८ जानेवारी
खरा मुद्दा वेगळा. सरांना विदर्भासाठी फील्डचा माणूस हवा आहे. कंपनीची मोटरसायकल, चंद्रपुरात खोली, गाव दीड तासावर. प्रदर्शनात कोण कसा उभा राहतो ते बघून ठरवणार. म्हणजे मीच.

सध्या मी सेन्सर डिपार्टमेंटला. नेमकं काम म्हणजे सेन्सरच्या तोंडावर काळी रबरी टोपी लावणे. आत ओला स्पंज असतो, सेन्सर वाळू नये म्हणून. दिवसाला चारशे टोप्या. हे चंद्रपुरात कोणाला सांगायचं नाही.

३० जानेवारी
मॅडम गळ्यातली कार्डं बनवत होत्या. अमर इस्तारी मेश्राम लिहू का, विचारलं. मी म्हटलं, अमर आय. मेश्राम लिहा. बाबांचं नाव इकडे पुण्यात कोणाला नीट वाचता येत नाही, म्हणून. बाकी काही नाही. (प्रदर्शन चंद्रपूरला आहे हे नंतर लक्षात आलं.)

घरी फोन केला. चंद्रपूरला येतोय हे सांगितलं नाही, आठवडाभर मीटिंगा आहेत म्हटलं. आईने विचारलं, कंपनी बनवते काय? सांगितलं, तळ्याच्या पाण्यात हवा किती आहे ते मोजायचा मीटर. हवा कमी झाली की लाल दिवा लागतो, पंप आपोआप चालू. मागून बाबा म्हणाले, "मासोळी तोंड वर करते तवा समजतेच ना." आणि हसले. बाबा शिकलेले नाहीत. मी तरी नववीपर्यंत गेलो.

२ फेब्रुवारी, चंद्रपूर
सर आणि मॅडम रेल्वेने. मी टेम्पोत, मागे, खोक्यांबरोबर दोन दिवस. जबाबदारीची जागा आहे.

स्टॉल नंबर १७. मधोमध काचेची टाकी. त्यात रोहूची बोटाएवढी पिल्लं सोडायची, जिवंत, म्हणजे लोक थांबतात. सर म्हणाले, मासे तू आण, तुमच्याकडे मासेमारी करतात ना? मॅडम समोरच होत्या. मी म्हटलं, नाही सर, आमची शेती आहे. शेती आहेच. दीड एकर. खोटं काही बोललो नाही.

मग ड्रायव्हरने आणले. दोनशे. एवढ्या टाकीत दोनशे लय होतात, हे मला बघताक्षणी समजलं. पण शेतीवाल्याला कसं समजणार? गप्प बसलो.

३ फेब्रुवारी, सकाळी ८
आजचे ठराव. फक्त हिंदी किंवा इंग्लिश. खिशात हात घालायचा नाही. गावचं कोणी दिसलं तर पाण्याची बाटली आणायला निघून जायचं.

सेन्सर टाकीत मी स्वतः सोडला. पहिल्यांदाच. मीटरवर ६.८. दिवा हिरवा, म्हणजे हवा पुरेशी.

३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
दिवस चांगला गेला. तीस-चाळीस लोक थांबले. बहुतेकांनी टेबलावरच्या लिमलेटच्या गोळ्या घेतल्या. एकाने संडास कुठे विचारलं, त्याला इंग्लिशमध्ये सांगितलं. एकाने विचारलं, हे आत काम कसं करते? मी म्हटलं, टेक्नॉलॉजी. तो गेला.

मीटर दिवसभर ६.८. एकदाही हलला नाही. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. फील्डचं जवळजवळ पक्कं. आरशात ब्लेझर पाहिला. मॅडमच्या भावाचा आहे, बाह्या थोड्या लांब.

४ फेब्रुवारी, सकाळी १०
मासे वर आलेत. पाण्याच्या तोंडाशी येऊन गप गप करतात. मीटर हिरवा, म्हणून पंप बंद. मॅडम म्हणाल्या, बघ ना, लोकांना बघायला वर आलेत, किती गोड. मी हो म्हटलं.

लहानपणापासून मी पहाटे बाबांसोबत तळ्यावर... जाऊ दे. मशीन चुकत नसते.

४ फेब्रुवारी, दुपारी ३
गावोगावच्या मच्छीमार सोसायट्यांची जीप आली. सहा जण. आमच्या गावचे एकटे बाबा.

बाटली आणायला जायचं ठरलं होतं. पण सर बाजूलाच उभे होते, पाय हललेच नाहीत. बाबांनी मला पाहिलं. कोट पाहिला. असे हसले की सगळे दात दिसले. काही बोलणार, त्याआधी मी बोललो. "काका, आगे बढ़िए, भीड़ मत कीजिए."

बाबांचं हसू तसंच राहिलं थोडा वेळ. मग माझ्या गळ्यातल्या कार्डाकडे बघत राहिले. त्यांना वाचता येत नाही. मग टाकीकडे पाहिलं.

"साहेब," मला म्हणाले, "पाण्यात हवा नाई. मासोळ्या मरून राह्यल्या."

मी हिरव्या दिव्याकडे बोट दाखवलं. बाबांनी दिव्याकडे पाहिलंच नाही. बाही वर केली आणि टाकीत हात घालून पाणी झोडपायला लागले, छपाछप, ढगाळ दिवशी तळं बांबूने झोडपतात तसं. पाणी सरांच्या बुटांवर. मी त्यांचं मनगट धरून हात बाहेर काढला. जोरात. म्हटलं, "हाथ मत लगाओ, सेन्सर है."

"चुकलं साहेब," म्हणाले. धोतराला हात पुसत बाकीच्यांच्या मागे गेले.

धंद्याच्या हिशोबाने मी बरोबर होतो. स्टॉलवर घरचं आणायचं नसतं.

४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
मेले.

चार वाजता तलावांचे मोठे ठेकेदार आले, सर त्यांना मीटर समजावून सांगत होते, आणि त्यांच्यासमोर एकेक मासा उलटा झाला. पांढरी पोटं. मीटर ६.८. एक ठेकेदार म्हणाला, "मेल्यावरबी तब्येत चांगली दाखवून राह्यली भाऊ तुमची मशीन." सगळे हसत पुढच्या स्टॉलवर.

सरांनी सेन्सर ओढून वर काढला. तोंडावर काळी टोपी तशीच. दोन दिवस तो आतल्या ओल्या स्पंजाची हवा मोजत होता. टाकीत सोडताना टोपी काढायची असते. मला लावायचीच सवय.

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, तो हात घालणारा म्हातारा कोण होता? फील्डला असा माणूस पाहिजे. ओळखतोस का?

मी म्हटलं, नाही सर.

५ फेब्रुवारी, दुपार
प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. टाकी धुतली. सर खुर्चीवर बसून होते. म्हणाले, काल गेटवर जाऊन त्या म्हाताऱ्याला गाठलं. फील्डच्या कामाला येता का विचारलं. तो म्हणाला, तळं टाकून कुठी येऊ. नाव इस्तारी मेश्राम. मग मी विचारलं, आमच्या स्टॉलवरचा पोरगाही मेश्राम आहे, ओळखता का?

मी टाकी पुसत राहिलो. ती पुसून झाली होती.

सर पुढे सांगत होते. तो म्हातारा म्हणाला, "नाई साहेब. मेश्राम इकडे लय हाएत. पण पोरगा मेहनती दिसते. त्याले काढू नका."

मग सरांनी माझं कार्ड हातात धरलं. "हा आय कशाचा रे, अमर?"

मी सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. मॅडम खोके बांधत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. कार्ड त्यांनीच बनवलं होतं.

९ फेब्रुवारी, भोसरी
काढलं नाही. टोप्या लावून राह्यलो. आता प्रत्येक टोपीला लाल फीत पण बांधायची, 'वापरण्याआधी काढा' अशी. तेही काम मलेच दिलं.

ठरवलं होतं की घरी फोन करून बाबाले सगळं सांगाचं. केला. आईने उचलला. म्हणाली, तुह्या बाबानं चंद्रपूरले तुह्या कंपनीचा स्टॉल पाह्यला म्हणे. तिथी एक साहेब होता, तुह्याच वयाचा, कोटवाला. लय चांगला बोलला म्हणते त्याइच्यासंग.

मग बाबानं फोन घेतला.

मीटिंगा झाल्या का, त्यायनं विचारलं.

मी म्हटलं, झाल्या.