पाहिजे तितके प्या

१४ एप्रिल १९९७, सोमवार
मौजबागेत रुजू झालो. जळगाव-भुसावळ रस्त्यावर एवढा मोठा अम्युझमेंट पार्क, आणि त्याच्या शीतपेय विभागाचा मॅनेजर मी, पितांबर महाजन. मालक बन्सीलालशेठ सावद्याचे, केळीचे व्यापारी. सिंगापूर फिरून आले ते ही आयडिया घेऊनच. तिकिटाबरोबर एक ग्लास द्यायचा. मशीन उघडं ठेवायचं. गिऱ्हाईक आपल्या हाताने भरेल, पिईल, पुन्हा भरेल. कितीही वेळा. सेल्फ सर्व्हिस. मी फक्त देखरेख करायची.

शेठ म्हणाले, महिनाभर बघू. स्कीम चालली तर तुम्ही पर्मनंट, नाहीतर मशीन परत आणि तुम्हीही परत. हे ते हसत हसत म्हणाले. मीही हसलो. संध्याकाळी जेवलो नाही. उन्हामुळे.

१५ एप्रिल
हाताखाली स्टाफ आहे असं सासऱ्यांना, म्हणजे हिलालआबांना, पिंपळनेरला पत्रातून कळवलं. स्टाफ म्हणजे धुरपदाबाई. अमळनेरकडची, ग्लास धुते. पत्रात कोणी आकडे घालत नाही.

वच्छलाला आबांनी होळीपासून माहेरीच ठेवून घेतलंय. माझ्या मागच्या दोन नोकऱ्या सुटल्या, म्हणून. पक्क्या नोकरीचा कागद दाखवा आणि बायको घेऊन जा, असं तोंडावर म्हणाले. मला तो कागद पाहिजे. घरात एकट्याने जेवायला बसलं की अर्धी भाकरी तशीच उरते.

१६ एप्रिल
मशीनच्या मागे गॅसचा सिलिंडर आहे. काळा, माणसाएवढा. अधूनमधून फुस्स करतो. मेकॅनिक हनीफभाईंना सहज विचारलं, हे फुटतं का? म्हणाले, "भाऊ, गॅस आहे, वाघ नाही. हात लावून बघा." लावला नाही. मॅनेजरने मशीनला हात लावणं बरोबर दिसत नाही. सिलिंडरपासून दहा फूट लांब राहायचं, असा आजपासून नियम.

१९ एप्रिल, दुपारी ३
उद्या उद्घाटन. पारा चव्वेचाळीसवर. हिशेब सरळ आहे. एवढं ऊन, त्यात फुकट, त्यात आपली माणसं. दर माणशी नऊ ग्लास धरले आहेत. लोंढा येणार. चेंगराचेंगरी होणार. माल बारा वाजताच संपणार आणि लोक मॅनेजर कोण म्हणून विचारणार.

बंदोबस्त: दोरखंड वीस फूट, शिट्टी एक, बाणाच्या पाट्या दोन. शेठनी मोठ्या अक्षरांत बोर्ड लावलाय, 'पाहिजे तितके प्या'. त्याखाली मी बारीक अक्षरांत 'बेताने' असं रंगवून घेतलं. 'बेताने' थोडं वाकडं आलंय.

२० एप्रिल, रविवार
यश! सहाशे तिकिटं गेली आणि मशीनवर एक माणूस आला नाही. माझ्या शिट्टीचा धाक. लोक ग्लास घेऊन बाकांवर शांत बसले. अर्धा-अर्धा तास बसले. माझ्याकडे बघत होते. एवढी शिस्त मी जळगावात कुठे पाहिली नव्हती.

जाताना बरेच जण ग्लास घरी घेऊन गेले. आठवण म्हणून असेल.

२३ एप्रिल
लोकांचं बघणं वाढलंय. वरणगावच्या फॅक्टरीतले एक साहेब कुटुंबासह आले होते. ग्लास बाकावर ठेवून म्हणाले, "अहो, इथे कोणी आहे का नाही?" मी सिलिंडरच्या मागे होतो. तपासणी चालू होती. मोठ्या आवाजात बोलणाऱ्या माणसापेक्षा सिलिंडर बरा, तो निदान प्रश्न विचारत नाही. पंधरा मिनिटांनी साहेब उठले, बायकोला म्हणाले, "चला, मान ठेवत नाहीत इथे."

नियम बदलला. सिलिंडरपासून एक फूट.

२६ एप्रिल
धुरपदाबाई आज ग्लास धुता धुता म्हणाली, "भाऊ, लोकेस्ले तीस लागनी शे, पन पाव्हना सोता लेस का कधी? त्याले देनं पडस." म्हणजे लोक तहानलेले आहेत, पण पाहुणा स्वतःहून घेत नाही, त्याला द्यावं लागतं. तिला समजावून सांगितलं की हे सेल्फ आहे. सेल्फचा अर्थच स्वतः. ती म्हणाली, "बोर्डले काय, बोर्ड कोनले आग्रह करस?" ग्लास धुणाऱ्या बाईने पॉलिसीत तोंड घालू नये. तसं तिला स्पष्ट सांगणार होतो. तिच्या हातात ओलं पोतेरं होतं, म्हणून उद्या सांगेन.

२८ एप्रिल
शेठनी बोलावलं. दारात दोन मिनिटं थांबलो. जिना चढल्यामुळे. विचारलं, स्कीम कशी चाललीय? मी म्हणालो, एकही भांडण नाही, एकही चेंगराचेंगरी नाही, माल जवळजवळ सगळा शिल्लक. शेठ म्हणाले, "सगळा शिल्लक?" पुन्हा म्हणाले, "सगळा?" मग पंख्याकडे बघत राहिले.

शेवटी म्हणाले, रविवारी चार मेला दोनशे लोकांचं वऱ्हाड येतंय. मुलीकडचे भुसावळचे आहेत, सकाळचं लग्न उरकून पाहुण्यांना इथे फिरवायला आणणार. वरपक्ष खूश होऊन गेला तर ऑर्डर टाइप करतो. नाही गेला तर… असं म्हणून पुन्हा पंख्याकडे बघितलं.

दोनशे. दर माणशी नऊ. दोरखंड कमी पडणार.

३० एप्रिल
वच्छलाचं पत्र आलं. शेठच्या त्या वऱ्हाडातला नवरामुलगा म्हणजे आबांचा पुतण्या. मुहूर्त चार मेचा. आबा येणार, ती येणार, अख्खी भावकी येणार. "तुम्ही साहेब झालात ते सगळ्यांना बघायचं आहे," असं लिहिलंय. मला लग्नाचं आमंत्रणही आलंय. ड्यूटी आहे असं कळवलं.

दिवसभर तहान लागली. प्यायलो नाही, माल कमी पडेल.

२ मे
आबांना काय काय दिसेल याची यादी मनात केली. दोरखंड दिसेल. शिट्टी दिसेल. स्टाफ दिसणार नाही. हनीफभाईंना म्हणालो, रविवारी दोन तास माझ्या हाताखाली उभे राहाल का? म्हणाले, "राहिलो असतो. पण पाळणा थांबला तर शेठ मला उभं करतील."

खरं लिहितो. भीती नोकरीची नाही. आबांसमोर वच्छलाचा चेहरा पडेल आणि ती त्यांच्याबरोबर परत जाईल, ही आहे. एवढं लिहून ठेवतो आणि पान उलटतो.

४ मे, रविवार, सकाळी ९
पूर्ण तयारी. लाउडस्पीकर मागवलाय. भाषण पाठ. चिंता नाही. दोनदा उलटी झाली.

४ मे, संध्याकाळी ६
झालं ते असं.

दोन बसेस आणि चार जीपा आल्या. वऱ्हाडाने बाकांकडे पाहिलंही नाही. सरळ सतरंज्या अंथरल्या आणि पंगत मांडली. पुरुष आधी. प्रत्येकापुढे ग्लास. मध्यभागी आबा, फेटा बांधून. मी दोरखंडाआड शिट्टी तोंडात धरून उभा. कोणी उठेना. दहा मिनिटं गेली, वीस गेली. एका म्हाताऱ्याने ग्लास पालथा घातला. मग दुसऱ्याने. शेठ ऑफिसच्या पायरीवर येऊन उभे राहिले.

लाउडस्पीकर घेतला. शिट्टी तोंडातून काढायला विसरलो, त्यामुळे आधी शिट्टी वाजली. मग म्हणालो, वऱ्हाडी मंडळींनी आपापले ग्लास घेऊन स्वतः उठून मशीनवर जावं.

मग नवरदेवाचे वडील उभे राहिले. "सोता उठीसन? आम्ही काय पानपोईवर उनूत का?" म्हणजे, पाणपोईवर आलोय का. सगळे ग्लास पालथे. सगळी पंगत उठायला लागली. मुलीकडचे हात जोडून पुढे धावले. मला पायऱ्या दिसेनात, शेठ दिसेनात. बायकांमध्ये वच्छला उभी होती, पदर तोंडावर धरून. तेवढी स्पष्ट दिसली.

मी सिलिंडरच्या मागे होतो. कसा गेलो आठवत नाही. धुरपदाबाईने दंडाला धरून बाहेर ओढलं. तिने मशीनखाली बादली लावून ती काठोकाठ भरली होती. एका हातात बादली दिली, दुसऱ्यात वाढायचं वगराळं. म्हणाली, "जाय. वाढ."

गेलो. अर्धं पेय सतरंजीवर सांडलं. पहिल्या म्हाताऱ्याचा ग्लास मीच सुलटा केला आणि भरला. तो खाली बसला. शेजारचा बसला. पंगत पुन्हा जमली. आबांपर्यंत आलो. वगराळं पुढे केलं. आबांनी ग्लासवर हात आडवा ठेवला.

नको म्हणतात, असं समजून मी सुटलो. पुढे सरकलो.

पंगतीने ग्लास खाली ठेवले. वरपक्षातला थोरला माणूस, त्यातून सासरा, त्याने हात आडवा धरला आणि जावई आग्रह न करता पुढे! धुरपदाबाईने मागून कमरेत कोपर मारलं. मागे वळलो. आबा, घ्या ना. हात तसाच. आबा, एवढंच. हात तसाच. आबा, माझी शपथ आहे तुम्हाला. शेवटचं रडक्या आवाजात निघालं, मुद्दाम नाही. आबांनी हात काढला. प्यायले. पुन्हा हात आडवा धरला. पुन्हा शपथ. असे पाच ग्लास.

दोनशे माणसं. प्रत्येकाने हात आडवा धरला. प्रत्येकाला शपथ घातली. अडीच तास. बादल्या धुरपदाबाई भरत होती. शेवटी मशीन कोरडं पडून नुसतं फुसफुसू लागलं. दर माणशी नऊचा माझा अंदाज फार चुकला नव्हता, हे नोंदवतो.

वऱ्हाड हसत गेलं. वच्छलाही त्यांच्याबरोबर गेली. बोलायला वेळच मिळाला नाही.

१२ मे
ऑर्डर मिळाली. शेठची सही, शिक्का, पर्मनंट. पद: वाढपी (शीतपेये). वरिष्ठ: धुरपदाबाई. मशीन पडद्यामागे गेलंय. बोर्ड उतरवला. टायपिंगची चूक असेल म्हणून शेठकडे गेलो होतो. चूक नव्हती.

१४ मे
दुपारच्या गाडीने आबा वच्छलाला घेऊन आले. कागद मागितला. दिला. आबांनी चष्मा लावून दोनदा वाचला. 'वाढपी' या शब्दावर बोट ठेवून थांबले. मी काहीतरी बोलणार होतो की हे पदाचं तांत्रिक नाव आहे. वच्छला म्हणाली, "आबा, पक्की शे ना? मंग झालं." आणि ट्रंक आत नेली.

आबांनी चहा घेतला. निघताना म्हणाले, एकवीस तारखेला धाकट्या पुतण्याचं लग्न आहे, आदल्या दिवशीच या. बरं वाटलं. जावयाचा मान. मी म्हणालो, नक्की येतो, पण आदल्या दिवशी कशाला?

आबा म्हणाले, "वाढाले. बादली आनू नका, आमनाकडे बादल्या शेतस."

वच्छला दारात उभी राहून हसत होती. नाही म्हणायची भीती वाटली. हो म्हणालो.