उंबऱ्यावरचं बोट

होसूर
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

चि. रूपास,

तुझ्या भटूदादाचे आशीर्वाद. मी इकडे ठीक आहे, तुम्ही पण सगळे ठीक असाल. दाजींना नमस्कार सांग, तुझ्या सासूबाईंना पाया पडलो म्हणून सांग. छोटीचा खोकला गेला का? थंडी अजून आहे, तिचे कान झाकत जा.

पत्र बघून घाबरू नको. फोन केला असता, पण फोनवर तू हॅलो म्हणायच्या आधी रडतेस, मग दाजी फोन घेतात आणि मी त्यांना कांद्याचा भाव विचारतो. शिवाय फोनवर बोललेलं तू आईला जसंच्या तसं सांगतेस. म्हणून हे गावाला न पाठवता पिंपळनेरला तुझ्या सासरी पाठवतोय. एकटीनं वाच. अक्षराला हसू नको. आठवीनंतर मी सहीपुरताच पेन धरला, आणि इथला टेबल पण हलतो.

काम बरं आहे. मला मशीनवरून काढून स्टोअरला बसवलंय. खुर्ची आहे, पंखा आहे, कुणी चिठ्ठी आणली की माल द्यायचा. सुरतला टिकलो नाही, वापीला टिकलो नाही, पुण्याच्या हॉटेलातून तर मीच रात्री बॅग उचलली होती. इथं टिकलोय. आईला सांग, पोरगा एका जागी बसला. ती किती वर्षं हेच मागत होती.

जेवण भातच. रविवारी साकिब भाकरी करतो. साकिब म्हणजे माझ्या रूमवरचा, आपल्या जळगावचा. त्याला भाकरी येत नाही पण आपण नावं ठेवली की म्हणतो, "नकाशा समजून खा."

जळगावचा फिल्म फेस्टिवल चांगला झाला म्हणे. आईचा सत्कार झाला, साकिबच्या मोबाइलवर फोटो पाहिले. बाहेर मोठा पडदा लावलेला, गळ्यात ओळखपत्रं घातलेली माणसं, कुठून कुठून आलेले दिग्दर्शक. आसामचा पण एक होता. त्याच्या फिलममध्ये एक माणूस नुसता नदीकडे बघतो. कुणाला काही कळलं नाही, तरी सगळे गप्प बसून होते. नंतर पाहुण्यांना भरीत आणि कळण्याची भाकरी. आसामवाल्यानं ठेचा भाजी समजून चमच्यानं खाल्ला आणि खाली बसला. आईची शाल खांद्यावरून सारखी घसरत होती आणि तू दर वेळी वर ओढत होतीस.

फोटोत शाल घसरत नाही, हे आता लिहिल्यावर लक्षात आलं. खोडलं तर पान खराब होईल. राहू दे.

मी तिथं होतो रूपा.

तुझा मेसेज आला होता ना, आईला स्टेजवर बोलावणार आहेत, एकदा तरी ये. तो वाचून मी निघालो. साकिबला पण घरी जायचं होतं. हॉलमध्ये शेवटून दुसऱ्या रांगेत बसलो, भिंतीकडच्या खुर्चीवर. छोटी खोकत होती म्हणून तू मध्येच उठून बाहेर आलीस. माझ्या रांगेजवळून गेलीस. माझ्या तोंडाला रुमाल होता आणि तू पोरीकडे बघत होतीस. हाक मारली असती तर तू थांबली असतीस. मारली नाही.

आईची फिलम मी पहिल्यांदाच बघितली. गावात दिवाळीला मारुतीच्या पारावर पडदा लावून दाखवली तेव्हा मी इथं होतो, मला फक्त त्यानंतरची बोलणी कळली. पडद्यावर आपलं घर एवढं मोठं दिसतं. शेणानं सारवलेली ओसरी, नानांची खुंटी, त्या खुंटीवर अजून टोपी. मला वाटलं होतं मला काहीतरी होईल. झालं नाही. दुसऱ्या कुणाचं घर असतं तरी मी तेवढंच बघितलं असतं.

फिलम काढणाऱ्या त्या तबस्सुम मॅडम वाईट नाहीत. चाळीसगावच्याच आहेत, आपल्यासारखं बोलतात. त्यांची गोष्ट साधी होती. एका बाईचा मुलगा परमुलखात कामाला जातो, तिकडेच मरतो, पहिली आखाजी येते, मॅडम तिला अक्षय्य तृतीया म्हणतात, आणि ती बाई त्याच्या नावानं घागर भरते. त्यातल्या मुलाचं नाव गुलाब होतं. आईला म्हणाल्या, तुम्ही दरवर्षी करता तसंच करा, पितरांची नावं घ्या, आणि शेवटी गुलाबचं नाव घ्या.

आईनं तसंच केलं. खरी आखाजीच होती त्या दिवशी. घागर भरली, वर डांगराचं फळ ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या, मग उंबऱ्यावर कुंकवाची बोटं ओढायला बसली. मोठ्या आबांचं एक बोट. धाकट्या आबांचं एक बोट. मग नानांचं. आता नानांचं नाव ती घेत नाही हे तुला मला ठाऊक. वाण्याच्या दुकानात उधारी कुणाच्या नावावर विचारलं तरी "भटूना बाप" म्हणते. तिनं बोट कुंकवात बुडवलं, उंबऱ्यावर टेकवलं, "भटू" म्हणाली आणि तिथंच अडली. पुढचं "ना बाप" निघालंच नाही. बोट तसंच उंबऱ्यावर राहिलं.

मॅडमना ते एवढं आवडलं की त्यांनी गोष्टीतल्या मुलाचं नावच भटू करून टाकलं. फिलम तिथंच संपते. "भटू", आणि आईचं बोट.

हॉलमध्ये दिवे लागले तेव्हा माझ्या बाजूला कॉलेजची दोन पोरं होती. एक झोपलेला उठून दुसऱ्याला म्हणाला, "भटू मेला का?"

"मेला रे, कवाच."

"कशानं?"

"दाखवलं नाही."

मग त्यानं मला विचारलं, "काका, तुम्हाला कळलं का?" मला काका म्हणाला. मी म्हणलं, मेला एवढं खरं.

पुढचं तू पण पाहिलंस. निवेदन करणाऱ्या बाईंनी आईसमोर माईक धरला आणि विचारलं, आई, इतका खरा अभिनय तुम्ही कसा केलात. आई म्हणाली, "मी काहीच नही करं. दरसाल करस तेच करं." लोक हसले. मग आई माईकच्या एकदम जवळ गेली, तोंड लावून म्हणाली, "मना आंडोर भटू जित्ता शे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आई म्हणाली, "त्याले कोणी फोन लावा. तो उचलत नही."

अजून टाळ्या. त्यांना वाटलं ती फिलममधलंच बोलतेय. तो आसामवाला उभा राहून वाजवत होता. माझ्या बाजूच्या पोरांनी शिट्टी मारली. सगळे वाजवत होते आणि मी तसाच बसलो होतो, तेव्हा त्या पोरानं माझ्याकडे बघितलं, हा माणूस टाळ्या का वाजवत नाही म्हणून.

मला टाळी वाजवता येत नाही रूपा.

साकिबनं बाहेर आल्यावर मला धरलं. म्हणाला, "माय आहे तुझी. पुढे जा, पाया पड, दोन मिनिटं लागतात."

मी म्हणलं, "पाया पडायला दोन्ही हात काढावे लागतात खिशातून."

तुमची गाडी शिंदखेड्याच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही समोरच्या टपरीवर उभे होतो. तुम्ही गेल्यावर तो म्हणाला, चहा घे. घेतला. मग घरी न येता मी होसूरची गाडी धरली.

आता सांगतो. प्रेस मशीनवर पत्रा दाबतात, त्यात माझ्या उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं गेली. मशीनचा दोष म्हण नाहीतर माझा, त्यावर इथं पुष्कळ बोलून झालंय. कंपनीनं दवाखाना केला, जखम भरली. दुखत नाही. बोटं नाहीत तिथं कधी कधी खाज येते, एवढंच. बाकी अंगाला काही जाणवत नाही. आंघोळीचं पाणी गरम आहे का गार हे पण मी वाफ बघून ठरवतो. डॉक्टरला सांगितलं तर म्हणाला, होईल हळूहळू. मी पत्र डाव्या हातानं लिहितोय. टेबल हलत नाही.

रडायचं असेल तर इथं रडून घे आणि मग पुढचं वाच. पुढचं महत्त्वाचं आहे.

हे झालं तेव्हा आखाजी होऊन चार दिवस झाले नव्हते.

आखाजीच्या संध्याकाळी आईनं मला फोनवर सगळं हसत हसत सांगितलं होतं. सिनेमावाल्या पोरी आल्या, चुलीपुढे लाइट लावला, मांजर पळून गेलं. माझ्या नावावरच वाक्य कसं अर्धं राहिलं ते पण सांगितलं. तेव्हा तिला त्यात काही वाटलं नव्हतं, मला पण नाही. नंतर माझं हे झालं, आणि मी दवाखान्यात पडल्या पडल्या पहिला विचार केला तो हाच, की आता तिला कळता कामा नये. तेव्हापासून व्हिडिओ बंद. मग साधा फोन पण. ती पहिलं वाक्य हेच विचारते, "भटू, हातपाय धड शेतस ना?" ती मी लहान असल्यापासून असंच विचारते, तिला काही माहीत नाही. पण मला हो म्हणावं लागतं. दोन-तीनदा म्हणलं. मग उचलणंच सोडलं.

दिवाळीत पारावर फिलम दाखवल्यावर आपल्या गल्लीतल्या उखर्डू आबांनी चारचौघांत तिला विचारलं ना, "जित्ता माणूसनं बोट लावतस का कोठे, भिकू?" ती म्हणाली, मी त्यांचं नाव घेत होते, पोराचं नाही. आबा म्हणाले, आम्ही कानानं ऐकलं. तूच सांगितलंस मला, त्या रात्रीपासून ती उंबरा ओलांडताना थांबते, खाली बघते. आणि आता तिला स्वतःलाच ठाऊक नाही की तिच्या तोंडात पुढं "ना बाप" होतं का नव्हतं. एवढ्या मोठ्या पडद्यावर तिनं स्वतःला "भटू" म्हणून थांबताना पाहिलंय. आपण किती सांगितलं तरी पडदा मोठा आहे.

तिनं उंबऱ्यावर माझ्या नावाचं बोट लावलं आणि माझी बोटं गेली. हे असं तिला जोडायला कुणी शिकवायला नको. माझा हात बघितला की ती रडणार नाही. ती गप्प बसेल आणि आयुष्यभर गप्प राहील. हे मला बघवणार नाही म्हणून मी लांब राहिलो. पण तिनं माईकवर सांगितलं जित्ता शे आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर लांब राहणं पण जमत नाहीये.

तर मी आखाजीला येतोय. सुट्टी सांगून ठेवलीय. तू पण माहेरी येशीलच, चार दिवस आधी ये. आबा म्हणतात ज्याचं नाव घेतलं त्यानं स्वतः येऊन घागरीतलं पाणी प्यावं, म्हणजे झालं. मी पितो. त्यांना बरं वाटेल, मला तहान लागलेली असेलच. उंबऱ्यावरची बोटं पण या वर्षी मीच ओढीन, डाव्या हातानं. नानांचं नाव मला घेता येतं. मगन उत्तम. पूर्ण घेईन, मोठ्यानं. मग मध्ये माझं नाव यायचं कारणच नाही.

तू एकच करायचं. मी यायच्या आधी आईला सांगून ठेव की भटूच्या हाताला लागलं होतं, होळीला लागलं होतं. गेल्या वर्षीच्या होळीला. आखाजीच्या दीड महिना आधी. तेव्हा माझ्या फोनची काच फुटली होती, व्हिडिओ लागत नव्हता, हे तिला आठवत असेल. ते कामाला येईल. ती विचारेल, मग आखाजीला फोनवर हसत होता तो? तर म्हण, तुला त्रास नको म्हणून हसत होता. ती उलटसुलट विचारेल, तुला ठाऊक आहे कशी विचारते. भाकरी थापता थापता विचारेल, मध्येच दुसरं काही बोलून परत विचारेल. डगमगू नको. साकिबला सांगून ठेवलंय. त्यानं मान हलवून म्हणलं, "होळीच. मी रंग धूत होतो तेव्हाच कळलं." त्यानं रंगसुद्धा घातला त्यात.

दाजींना पण हेच सांग. त्यांना खरं सांगायचं का ते तू ठरव, पण मला वाटतं नको. जेवढी माणसं कमी तेवढं बरं. माझ्या डोक्यात मी रोज म्हणून बघतो, होळी, होळी. आता मला पण तसंच आठवायला लागलंय. तुला पण लागेल.

हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल. गॅसवर नको, अर्धं जळतं.

छोटीला माझा पापा. तिनं माझ्या हाताला हात लावला आणि बोटं कुठं गेली विचारलं, तर तिला सुद्धा तेच सांगायचं.

होळीपासून डावखुरा झालेला
तुझा भाऊ
भटू